सारथ्याचा कान

वाहन चालविणाऱ्याच्या कानीं काय पडावें, हा प्रश्न मोटारी निघाल्यानंतर उत्पन्न झाला अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो रथाइतकाच जुना आहे. कर्णाचें सारथ्य पत्करतांना मद्रराज शल्यानें एक अट घातली होती: आपण वाटेल तें बोलूं आणि कर्णानें तें ऐकून घेतलें पाहिजे. पुढें काय झालें तें महाभारताच्या वाचकांस ठाऊक आहेच. शल्याचा हात निष्णात होता, घोड्यांची पारख त्याच्याइतकी थोड्यांसच असेल. परंतु तोंड सारखें चाललेलें, आणि त्या बोलण्यानें रथांतील वीराचें तेज ढळावें हाच त्याचा हेतु. उलट दुसऱ्या रथांतील सारथि पाहावा. त्यालाहि पुष्कळ सांगावयाचें होतें, चांगलें अठरा अध्याय भरतील इतकें. पण आधीं त्याचा रथ दोन्ही सैन्यांच्या मध्यें उभा राहिला आणि मग त्यानें तोंड उघडलें. गीता ही उभ्या रथांत सांगितली गेली, धांवत्या रथांत नव्हे. प्रवचनकारांच्या हें फारसें ध्यानांत येत नाहीं. मोटार चालवूं लागल्यापासून आमच्या मात्र तें नित्य ध्यानांत येतें.

छत्तीस वर्षें ज्या हातानें खडू धरला त्या हातीं स्टिअरिंगचें चाक येण्याचें कारण साधें आहे. चिरंजीवांनीं पुण्यास नवी गाडी घेतली आणि आपली जुनी डस्टर आमच्या कोल्हापूरच्या अंगणांत आणून उभी केली. "बाबा, आईला देवाला न्यायला बरी पडेल," एवढेंच ते बोलले. शाळेंतून निवृत्त होऊन चार वर्षें झालीं होतीं. आम्ही रीतसर शिकलों, परीक्षा दिली, परवाना मिळविला, आणि बासष्टाव्या वर्षीं सारथि झालों. गाडीविषयीं लिहावें असें तींत पुष्कळ आहे. पण आजचा आमचा विषय तींतील एका बोटभर कांडीचा आहे.

ही कांडी स्टिअरिंगच्या दांड्यास, चाकाच्या मागच्या अंगास चिकटविलेली असते. नवख्या माणसाच्या ती दृष्टीसहि पडत नाहीं, कारण ती पाहण्यासाठीं नाहींच. ती चांचपण्यासाठीं आहे. तिच्यावर आवाज वाढविण्याचें एक व कमी करण्याचें एक अशीं दोन बटणें आहेत. आकाशवाणी लावावयाची कीं सांठविलेलीं गाणीं, हें ठरविणारें बटण निराळें. मागल्या बाजूस बोटाच्या टोकाखालीं येईल असें एक दांतेरी चाकुलें आहे. तें एक खांच फिरविलें कीं केंद्र बदलतें अथवा पुढचें गाणें लागतें. वाढविण्याचें आणि कमी करण्याचें हीं बटणें एकदम दाबलीं, तर सारें यंत्र जागच्या जागीं गप्प होतें. यंत्राचें तोंड समोरच्या फळीवर, गळा दरवाजांतील कर्ण्यांत, आणि लगाम मात्र येथें, हाताशीं, अशी ही रचना आहे.

ती आजची नव्हे. अमेरिकेंत पॉल गॅल्विन यांच्या कारखान्यानें १९३० सालीं मोटारींत बसविण्याजोगा रेडिओ बाजारांत आणून त्यास 'मोटोरोला' असें नांव दिलें. पुढें त्या कारखान्यानें स्वतःहि तेंच नांव घेतलें. दोन वर्षांनीं, १९३२ मध्यें, जर्मनींतील ब्लाउपुंक्ट कंपनीचा 'ऑटोसुपर ए. एस. ५' निघाला. युरोपांतील हा पहिला मोटाररेडिओ समजला जातो. त्याचें वजन सुमारें १५ किलो, आणि त्यानें दहा लिटर पाण्याच्या भांड्याएवढी जागा अडविलेली. एवढें धूड चालकासमोर मावणें शक्य नव्हतें. तें कोठें तरी आडोशास बसवावें, तर चालकाचा हात त्यास पोंचावा कसा? म्हणून त्याची कळ स्टिअरिंगच्या दांड्यावर आणून बसविण्यांत आली. आज जी सोय म्हणून मिरवते ती जन्मास आली अशी अडचणीच्या पोटीं. योगायोग असा, कीं त्याच १९३२ सालीं आमच्या कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' हा बोलपट लोकांपुढें आणला. इकडे मराठी पडद्यास वाचा फुटली आणि तिकडे युरोपांतील मोटारीस, तीं एकाच वर्षीं.

मध्यंतरीं यंत्र आटत गेलें. धूड जाऊन लहानशी पेटी आली आणि ती चालकाच्या हातापाशीं, समोरच्या फळींत, सुखानें मावूं लागली. आतां दांड्यावरील कळीची गरज संपावयास हवी होती. तसें झालें नाहीं. १९८४ सालीं फ्रान्सच्या रेनॉ कंपनीनें आपल्या 'रेनॉ २५' या गाडींत रेडिओच्या कळा पुन्हां स्टिअरिंगच्या दांड्यापाशीं आणल्या, आणि त्याच घराण्यांतील म्हणून आमच्या डस्टरमध्येंहि ती कांडी आली आहे. १९३२ सालची अडचण हाताची होती. १९८४ सालची अडचण डोळ्याची होती. हात फळीपर्यंत पोंचत होता, परंतु हाताबरोबर डोळाहि जात होता. त्या डोळ्याला रस्त्यावर ठेवण्यासाठीं कांडी आली.

शाळामास्तराची खोड म्हणून येथें थोडें गणित मांडतों. ताशी ४० किलोमीटर हा कांहीं मोठा वेग नव्हे. त्या वेगानें गाडी एका सेकंदांत सुमारें ११ मीटर जाते. फळीवरील बटण शोधण्यास डोळ्यांनीं दोन सेकंद घेतले, तर २२ मीटर अंतर गाडी आंधळेपणानें धांवली असा त्याचा अर्थ. अलीकडच्या गाड्यांत बटणेंहि गेलीं व त्यांच्या जागीं गुळगुळीत काचेचा पडदा आला. त्याच्यावर बोटास कांहींच लागत नाहीं; प्रत्येक वेळीं पाहिल्याखेरीज गति नाहीं. स्वीडनमधील 'व्ही बिलेगारे' या मोटारविषयक मासिकानें २०२२ सालीं याची परीक्षा घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगांत रेडिओचें केंद्र बदलणें वगैरे ठराविक कामें करावयाचीं. बटणें असलेल्या २००५ सालच्या एका जुन्या व्होल्वो गाडींत तीं १० सेकंदांत उरकलीं व तेवढ्यांत गाडी ३०६ मीटर गेली. पडद्याच्या एका नव्या गाडींत त्याच कामांस पाऊण मिनिट लागलें. युरोपांत गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या 'युरो एनकॅप' या संस्थेनेंहि भोंगा, दिशादर्शक दिवे, पाऊसपुसणी यांसारख्या कामांसाठीं खरींखुरीं बटणें असल्याखेरीज २०२६ पासून पूर्ण गुण द्यावयाचे नाहींत असें ठरविलें. चिरंजीवांच्या नव्या गाडींतील पडदा आमच्या जुन्या पाटीएवढा आहे. तो पाहून आमच्या मनांत हेवा उत्पन्न झाला नाहीं, याचें श्रेय या कांडीला आहे.

परंतु कांडी असून भागत नाहीं. ती पाठ असावी लागते. संथा घेणारा विद्यार्थी जसा पोथी मिटून म्हणतो तसें हें बोटांनीं म्हणतां आलें पाहिजे. म्हणून आम्ही अंगणांत गाडी उभी करून, डोळे मिटून, तीन संध्याकाळ अभ्यास केला. परीक्षक म्हणून सुटींत आलेली नात शेजारीं बसली होती. "आजोबा, आवाज कमी!" "आजोबा, पुढचं स्टेशन!" "आजोबा, एकदम गप्प!" अशा आज्ञा सुटत आणि आमचें बोट धांवत असे. तिसऱ्या संध्याकाळीं तिनें आम्हांस दहांपैकीं नऊ गुण दिले. एक गुण कां कापला, असें विचारतां ती म्हणाली, "पूर्ण गुण तुम्ही तरी कधी कुणाला दिलेत?" परीक्षकाच्या या उत्तरावर आम्हांस बोलतां आलें नाहीं.

आतां कोणी विचारील, कीं बटणें दांड्यावर असलीं काय आणि खुद्द चाकावर असलीं काय, फरक तो कोणता? सपाट, सरळ रस्त्यावर फारसा नाहीं. फरक कळतो तो घाटांत, आणि तो आम्हांस जोतिबाच्या घाटानें शिकविला. कोल्हापुराहून जोतिबा सुमारें १८ किलोमीटर. पंचगंगा ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्यास लागावें, केर्लीपाशीं तो सोडावा, आणि मग रस्ता डोंगर चढूं लागतो. वाडी रत्नागिरीचा हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१०० फूट उंच आहे. आजचें देऊळ १७३० सालीं राणोजी शिंदे यांनीं उभारलें. शेजारचें केदारेश्वराचें देऊळ १८०८ सालीं दौलतराव शिंदे यांनीं. देवाचें वाहन घोडा, आणि त्याच्या भेटीस आम्ही यंत्राच्या घोड्यांवर बसून जातों, तेव्हां लगामाचा विचार केलेला बरा.

चाकावर बटणें असलेल्या गाडींत वळणावर चाक अर्धें फिरलें, कीं डावीकडचें बटण उजवीकडे जातें आणि वरचें खालीं येतें. बोटानें पाठ केलेली जागा ऐन वळणावर खोटी ठरते. शिवाय फिरत्या चाकांतून तारा बाहेर आणावयाच्या म्हणजे त्या तुटतील, म्हणून आंत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली एक तारांची पट्टी ठेवावी लागते. चाक फिरेल तशी ती उलगडते व मिटते, आणि कालांतरानें तीहि झिजते. दांड्यावरील कांडीस ही यातायात नाहीं. चाक कितीहि फिरो, कांडी आपल्या जागीं स्थिर. स्थिर असलेली वस्तूच अंधारांत सांपडते. पुष्कळ गाड्यांत तारांची योजनाहि मोठी काटकसरीची असते: सगळीं बटणें मिळून दोनच तारा, प्रत्येक बटणाचा विद्युत्-रोध निराळा, आणि रोध किती तें मोजून यंत्र कोणतें बटण दाबलें तें ओळखतें. पावलांच्या वजनावरून घरांतील माणूस ओळखणाऱ्या आजीबाईचीच ही युक्ति.

घाट चढतांना आणखी एक गंमत होते. खालीं नदीकांठीं आकाशवाणीवरील भक्तिगीत अगदीं स्वच्छ लागलेलें असतें. पहिल्या वळणास तें खरखरूं लागतें, दुसऱ्यास नाहींसें होतें, तिसऱ्यास पुन्हां उमटतें. याचें कारण एफ. एम.च्या लहरी बहुतेक सरळ रेषेंत चालतात. प्रक्षेपक आणि गाडी यांच्या मध्यें डोंगराची सोंड आली कीं त्यांची वाट अडते. जुन्या मध्यम लहरी जमिनीस धरून दूरवर जात, म्हणून त्यांचें असें होत नसे. हें ज्यास ठाऊक नाहीं तो यंत्रास दोष देतो आणि चाकुलें फिरवीत दुसरें केंद्र धुंडाळूं लागतो. केंद्र सांपडतें तोंच पुढचें वळण येतें. येथें आमचा नियम असा, कीं घाटांत गाणें गेलें तर जाऊं द्यावें. डोंगर आपल्याला गप्प बसावयास सांगत आहे असें समजावें.

आवाजाचा दुसरा प्रकारहि या रस्त्यावर भेटतो. माघ महिना हा ऊसतोडणीचाहि हंगाम असतो. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेले असतात आणि त्यांपैकीं कित्येकांच्या डोक्यावर मांडवांत शोभतील असे कर्णे बांधलेले असतात. त्यांतून गाणें इतक्या मोठ्यानें चाललेलें असतें, कीं मागच्या गाडीचा भोंगा चालकास ऐकूं येत नाहीं. मागें एखादी रुग्णवाहिका असली तरी तीच गत. रात्ररात्र जागणाऱ्या त्या माणसास झोंप येऊं नये म्हणून तो गाणें लावतो, हें आम्ही जाणतों. त्याचे कष्टहि जाणतों. पण गाण्यानें डोळे उघडे राहिले आणि कान मात्र मिटले, हा सौदा खोटा आहे. आणि ट्रॅक्टरवाल्यास बोल लावतांना काचा मिटून बसलेल्या आपल्या सुशिक्षित मंडळींनीं स्वतःकडेहि पाहावें. त्याचें गाणें बाहेर ऐकूं येतें, आमचें आंतल्या आंत. कान दोघांचाहि भरलेलाच असतो. पुष्कळ गाड्यांच्या यंत्रांत तर वेग वाढला कीं आवाज आपोआप वाढावा अशी सोय असते. चाकांचा व वाऱ्याचा गोंगाट वाढतो, त्यांत गाणें बुडूं नये हा तिचा हेतु. परंतु वेगाबरोबर कानाची गरजहि वाढते, आणि हें यंत्र नेमका तेव्हांच कान अधिक भरून टाकतें.

त्याच माघांतल्या रविवारीं जोतिबाचे खेटे असतात. हिमालयाकडे परत निघालेल्या केदारनाथास थांबविण्यासाठीं करवीरची अंबाबाई अनवाणी चालत गेली, अशी कथा सांगतात. त्या चालण्याची आठवण म्हणून कोल्हापूरकर माघांत पांच रविवार पहांटे उठून पायीं देवास जातात. जुनी वाट वडणगे, निगवे, कुशिरे या गांवांवरून गायमुखाकडे चढते. पण मोटाररस्त्यानेंहि पुष्कळ जण चालत असतात. आमच्या सौभाग्यवतींनीं लग्न होऊन या घरीं आल्यापासून कितीतरी वर्षें हे खेटे घातले. आतां गुडघे ऐकत नाहींत. गाडी आली त्या वर्षीं, गाडींतून जावें कीं जाऊंच नये, यावर घरांत आठ दिवस विचार चालला. शेवटीं त्या म्हणाल्या, "मी गाडीतून येईन. पण चालणाऱ्यांच्या पुढे आपला गाजावाजा नको." आणि निघतांना चपला त्यांनीं उंबऱ्याच्या आंतच ठेवल्या.

पहांटेची वेळ, धुकें दाट. केर्लीपर्यंत यंत्रावर अभंग चालले होते. घाट लागतांच आम्ही दोन्ही बटणें एकदम दाबलीं आणि खिडकीची कांच चार बोटें खालीं घेतली. थंड वारा आंत आला व त्याबरोबर ओल्या गवताचा वास. कांहीं वेळ केवळ इंजिनाचा आवाज होता. मग सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ऐका." वळणाच्या पलीकडून, कोणीहि दिसण्यापूर्वीं, "चांगभलं" असा क्षीण गजर आला. आम्ही गाडी पायांच्या गतीवर आणली व वळलों. आमच्याच बाजूस, रस्त्याच्या कडेपासून मध्यापर्यंत, वीस-पंचवीस माणसें चाललीं होतीं. एक म्हातारी काठी टेकीत होती. एका गड्याच्या खांद्यावर मूल झोंपलेलें होतें. आम्ही मागें थांबलों. भोंगा वाजविला नाहीं. थोड्या वेळानें त्यांनीं आपण होऊन वाट दिली, आणि एक बाई खिडकीपाशीं येऊन आंत डोकावून म्हणाली, "काकू, व्हा पुढं. आमी येतोयच मागनं." सौभाग्यवतींनीं तिला हात जोडले. देवळापर्यंत त्या कांहीं बोलल्या नाहींत.

त्या वळणाचा विचार आम्ही पुढें पुष्कळ केला. गाडीचे दिवे कितीहि प्रखर असले तरी ते सरळ पुढें पाहतात. वळणावर त्यांचा झोत समोरच्या दरींत पडतो, वळणाच्या पोटांत पडत नाहीं. म्हणजे जेथें माणूस आहे तेथें उजेड नाहीं. अनवाणी पावलास आवाज नसतो; चालणाऱ्याजवळ दिवा नसतो, भोंगा नसतो. रस्त्यावरील सर्वांत दुबळा जो घटक, त्याच्याजवळ आपण आहों हें सांगण्याचें एकच साधन असतें, तें म्हणजे त्याच्या मुखांतलें देवाचें नांव. तें आमच्या कानीं पडावें म्हणून आम्ही काय केलें? बोटभर कांडीवरील दोन बटणें दाबलीं, इतकेंच. पण तें न करतां मोठ्या सुंदर आवाजांत अभंग चालूं ठेवले असते, तर विठ्ठलाच्या नांवाखालीं जोतिबाचें नांव बुडालें असतें, आणि त्याबरोबर तें नांव घेणारा मनुष्यहि.

येथें एक आक्षेप येईल. मग मोटारींत गाणें नकोच म्हणावें काय? १९३० च्या सुमारास अमेरिकेंत कांहीं ठिकाणीं मोटाररेडिओस बंदी करावी असे प्रस्ताव पुढें आले होते. आमचें तसें मत नाहीं. एकट्यानें रात्रीं लांबचा प्रवास करावा लागतो तेव्हां एखादा ओळखीचा आवाज सोबतीस असणें हितकारक असतें. बातम्या, हवामान, गाणें, एखादें भाषण यांनीं प्रवास हलका होतो हेंहि खरें. पण हात, डोळा, कान आणि मन यांचा हिशेब निरनिराळा ठेवावयास हवा. दांड्यावरील कांडीनें हात चाकावर राहतो, डोळा रस्त्यावर राहतो. एवढेंच तिचें काम. कान आणि मन तिच्या हातचे नाहींत.

दूरध्वनीच्या बाबतींत तर हें शास्त्रीय रीतीनें दिसून आलें आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें वाहन चालवितांना हातांत धरलेलें संभाषण-यंत्र वापरणें हें धोकादायक वाहनचालनांत धरलें आहे, तें योग्यच आहे. त्यावरून कित्येकांची समजूत होते, कीं बटण दाबून कर्ण्यावर बोललें म्हणजे धोका टळला. टोरोंटो येथील रेडेलमायर व टिबशिरानी या दोघां संशोधकांनीं १९९७ सालींच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत संभाषण चालू असतां अपघाताचा संभव सुमारें चौपट आढळला. आणि हात मोकळे ठेवणाऱ्या यंत्रानें त्यांत कांहीं सुरक्षितता वाढल्याचें त्यांस दिसलें नाहीं. गाणें आपल्याकडून उत्तर मागत नाहीं. बोलणारा मनुष्य मागतो. आणि उत्तर द्यावयास मन घरीं, कचेरींत, बाजारांत जाऊन येतें. तेवढा वेळ रथांत सारथि नसतो. कठोपनिषदांत शरीर हा रथ, बुद्धि हा सारथि, मन हा लगाम आणि इंद्रियें हे घोडे असें रूपक आहे. कान हाहि त्यांपैकीं एक घोडाच. त्याला दुसऱ्या गाडीस जुंपून आपला रथ हांकतां येत नाहीं.

म्हणून आमच्या घरांत आम्ही कांहीं नियम घातले आहेत. ते वाचकांस उपयोगी पडतील तर पाहावे. जें ऐकावयाचें तें गाडी सुरू करण्यापूर्वीं लावावें. नव्या गाडीच्या कळा उभ्या गाडींत, डोळे मिटून, बोटांस पाठ होईपर्यंत गिरवाव्या. आणि मुलगा, सून, नातवंडें यांपैकीं जो कोणी गाडी प्रथमच हातीं घेईल त्याची ही परीक्षा घेतल्याखेरीज किल्ली देऊं नये. आवाज इतकाच असावा, कीं मागल्या गाडीचा भोंगा कांचा मिटलेल्या असतांहि ऐकूं यावा. वळण संपेपर्यंत कांडीसहि बोट लावूं नये. घाट, शाळा, बाजार, यात्रा आणि धुकें या पांच ठिकाणीं यंत्र गप्प असावें. आणि कोणास कांहीं महत्त्वाचें सांगावयाचें असेल, तर गाडी कडेस घेऊन उभी करावी. एवढ्यासाठीं दोन मिनिटें गेलीं तर तीं फुकट गेलीं असें कोणी मानूं नये. याबाबतींत कुरुक्षेत्रावरील उदाहरण आपल्यापुढें आहेच.

नवीं यंत्रें दरवर्षीं येतील. आज बोटानें चालणारें काम उद्यां केवळ बोलून होईल. कांहीं गाड्यांत तें आतांच होऊं लागलें आहे. बोलावयाची सोय जितकी वाढेल तितकी गप्प बसण्याची सोय दुर्मिळ होत जाईल असें आम्हांस वाटतें. आमच्या या कांडीवर एकंदर बटणें थोडीं, आणि त्यांतील मौनास तर स्वतंत्र बटणहि दिलेलें नाहीं. वाढविणारें आणि घटविणारें या दोघांनीं एकाच वेळीं एकमत केलें म्हणजे तें मौन मिळतें. घाटाच्या पायथ्याशीं तें एकमत होऊं द्यावें. मग वळणाच्या पलीकडून कोण चाललें आहे, हें आधीं कानाला दिसतें.